पास्मा झालेला कॉम्प्युटर

फिलिपिन्समधल्या आमच्या गिंबाल गावात कॉम्प्युटर बंद पडला की लोक आधी त्याला थोपटतात, मग शिव्या घालतात आणि मग क्रिसांता गेल्यादाला बोलावतात. तेहतीस वर्षं इथल्या शाळेत विज्ञान शिकवूनही हा क्रम मला बदलता आला नाही. खरं सांगायचं तर मीसुद्धा आधी थोपटतोच.

क्रिसांता पन्नाशीची, ठेंगणी, केसांत पेन्सिल खोचलेली बाई. आमच्या इलोइलोकडची बोली अशी गोड, की भांडणसुद्धा अंगाईसारखं ऐकू येतं; हिला तर भांडताना कुणी ऐकलेलंच नाही. तिचे वडील बाजारात रेडिओ दुरुस्त करायचे. पुढे त्यांची नजर गेली, तेव्हा ही चौदा वर्षांची पोर त्यांचे डोळे झाली. ते कान लावून बसायचे आणि विचारायचे, "काय दिसतंय?" ही म्हणायची, "बाबा, मला वाटतं..." की लगेच तिच्या डोक्यात टपली बसायची. "वाटतं ते नको. दिसतं ते सांग." त्या टपल्यांवर ही बाई शिकली. कॉलेज नाही, सर्टिफिकेट नाही. पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग थांबायचं, बघायचं, आणि बघितल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, एवढा एक नियम तिने जन्मभर पाळला. मी हाच नियम फळ्यावर लिहून शिकवला. पाळला असं मात्र म्हणवत नाही.

चर्चच्या ऑफिसातला कॉम्प्युटर दर रविवारी सकाळी आठच्या प्रार्थनेला आपोआप बंद पडायचा. दोन मेकॅनिक हात टेकून गेले. पाद्रीबाबांनी तर त्यावर पवित्र पाणी शिंपडायचीही तयारी केली होती, ते तेवढं क्रिसांताने हात जोडून थांबवलं. मग ती एका रविवारी तिथे नुसती खुर्ची टाकून बसली. यंत्राकडे नाही, छतावरच्या दिव्याकडे बघत. आठ वाजता चर्चमधले सगळे पंखे एकदम लागले, दिवा क्षणभर मंदावला आणि कॉम्प्युटर गेला. तिने स्क्रू ड्रायव्हर पिशवीतून काढलासुद्धा नाही. प्लग दुसऱ्या लाइनवर लावला आणि प्रार्थनेला जाऊन बसली. हे ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. यंत्र बिघडलंय म्हणून यंत्राकडेच बघायचं नसतं, हे माझ्यासारख्या मास्तराला कधी सुचलं नसतं.

आता मानांग दादिंगच्या शुक्रवारची गोष्ट सांगतो. मानांग म्हणजे थोरली बहीण. आमच्याकडे वयाने मोठ्या बाईला तसंच हाक मारतात. दादिंग माझी शेजारीण, विधवा, एकुलती लेक रोदोरा आखातात घरकामाला. सोळा महिने झाले होते, करार दोन वर्षांचा. रोदोराने पहिल्या पैशांतून आईला कॉम्प्युटर घेऊन दिला, कारण महिन्यातल्या एका शुक्रवारी मैत्रिणीच्या खोलीवर जाऊन तिला तासभर आईशी तोंड दाखवून बोलता यायचं. इथे दुपारचे तीन वाजलेले असायचे.

त्या शुक्रवारी एक वाजता कुंपणापलीकडून हाक आली. "सर! ओ सर! मेला हो माझा कॉम्प्युटर!"

मी गेलो. बटण दाबलं. दिवा नाही, पंखा नाही, काही नाही. थोपटलं. तरी नाही.

"मानांग, चौकातल्या नेटच्या दुकानात जाऊन बोला ना आजच्या दिवस," मी म्हणालो.

"तिथे पोरं पाठीशी उभी राहतात हो. त्यांच्यासमोर माझी लेक खोटंच हसते." दादिंग पलंगाच्या कडेला बसली. "मला तिला बघायचंय, सर. फोनवर म्हणते, मजेत आहे. पण मागच्या वेळी फोनवर काच फुटल्याचा आवाज आला. त्याच्या आधीच्या वेळीही आला. ही माझी पोर हॉटेलात एका ताटात आठ पेले घेऊन चालायची. तिच्या हातून काही पडत नाही. मला तिचे हात बघायचेत."

मला कळलं. आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही पास्मा ठाऊक असतो. तापलेल्या हातांना गार पाणी लागलं की पास्मा होतो, हात थरथरायला लागतात. म्हणून इस्त्री केल्यावर बाया दुसऱ्या दिवसापर्यंत हात धूत नाहीत. तिकडच्या मालकिणीला हे कोण सांगणार? सकाळभर इस्त्री आणि लगेच गार पाण्यात भांडी. वैद्यकाच्या पुस्तकात असा रोग नाही, हे मी जन्मभर घसा कोरडा करून सांगत आलोय, आणि माझी बायको जिवंत असेपर्यंत तिने मला इस्त्रीनंतर कधी हात धुवू दिले नाहीत.

मी निरोप धाडला आणि क्रिसांता तीनचाकीतून उतरली तेव्हा दीड वाजला होता. खांद्यावर कापडी पिशवी, हातात टेबललॅम्प.

"दिवा कशाला गं भरदुपारी?" मी विचारलं.

"भिंतीत वीज आहे का, ते भिंतीलाच विचारते, सर."

दिवा भिंतीच्या प्लगला लावला, पेटला. मग व्होल्टेज सांभाळणाऱ्या डब्याला लावला, पेटला. कॉम्प्युटरची वायर काढून स्वतःची लावली, काही फरक नाही. प्रत्येक वेळी ती एकच गोष्ट बदलायची, हात मांडीवर ठेवायची आणि थांबायची. घड्याळ टिकटिक करत होतं, दादिंग हातातली जपमाळ ओढत होती, आणि ही बाई जणू तिच्याकडे अख्खा जन्म पडलाय अशी थांबायची. घोडं पेंड कुठे खातंय हे शोधायचं तर घोड्याला घाई करून चालत नाही, हे मला तिथे कळलं.

झाकण काढून तिने वीज पुरवणारा पत्र्याचा डबा सोडवला आणि त्याच्या जाळीत नाक घातलं. "जळलंय. दिसतंयसुद्धा." आतली दोन बुटकी नळकांडी डोक्यावर फुगली होती. तिने पिशवीतून दुसरा डबा काढून जोडला. बटण दाबलं. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला. दादिंगने छातीवर क्रूस काढला.

पडदा मात्र काळाच राहिला.

"मॉनिटर गेला!" मी म्हणालो. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"बसा की सर जरा," क्रिसांता मऊ आवाजात म्हणाली आणि तिने मॉनिटरची वायर कॉम्प्युटरच्या मागून काढली. लगेच पडद्यावर लाल-हिरवे-निळे पट्टे उमटले. "हा तर जिवंत आहे. म्हणतोय, मला कुणी काही सांगतच नाही, मी काय दाखवू?"

माझे कान गरम झाले. अडीच वाजले होते. दादिंगने तिला गार पाण्यात पिळलेला टॉवेल पुढे केला. क्रिसांताने मान हलवली. "नको मानांग, हात गरम आहेत." मी वर छताकडे पाहिलं. जी बाई दिव्याने भिंतीची उलटतपासणी करते, ती पास्माला भिते! विज्ञान इथे येऊन थांबतं, मी मनात म्हणालो.

मग तिने यंत्राचा बिघाड सुरांनी सांगणारा करंगळीएवढा भोंगा आतल्या दोन काट्यांवर बसवला आणि पुन्हा बटण दाबलं. लांब सूर, थांबा, लांब सूर, थांबा. क्रिसांताने डोळे मिटले. तशी बसलेली ती मला तिच्या वडिलांसारखी दिसली. "आठवण जागेवर नाही म्हणतोय," ती म्हणाली, आणि आतून मेमरीची बोटभर रुंद पट्टी उपटली. पट्टीची सोनेरी कड काळवंडली होती. तिला लोकरीची कुसं चिकटली होती. क्रिसांताने ती कुसं बोटावर घेतली, पलंगावर घडी करून ठेवलेल्या घोंगडीकडे पाहिलं.

"मानांग, याला काही पांघरता का?"

"तर!" दादिंग अभिमानाने म्हणाली. "बंद केला की लगेच गुंडाळते. तापलेला असतो ना बिचारा. समुद्रावरचा गार वारा लागला तर पास्मा होईल त्याला. दोनदा गुंडाळते, पावसात तर तीनदा."

मला हसू फुटणार होतं. वर्षभर या बाईने गरम यंत्र दमट घोंगडीत कोंडून, खारट हवेत अक्षरशः घाम काढून मारलं होतं! मी तोंड उघडणार, तेवढ्यात क्रिसांताने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी तोंड मिटलं.

"बरोबर आहे तुमचं, मानांग," ती म्हणाली. "पण शेतातून आलेल्या माणसाला आपण लगेच पांघरूण घालतो का? आधी ओसरीवर बसवतो, घाम वाळू देतो. यालाही तासभर उघडा बसवा. मग पांघरा, पण कोरडं."

"अगं बाई!" दादिंगने कपाळावर हात मारला. "घामावर पांघरूण घातलं की काय मी!"

तिला ते पटलं, आणि तिची लाजही राहिली. मी तेहतीस वर्षांत एकाही माणसाची पास्माबद्दलची समजूत अशी वापरली नव्हती. मी ती फक्त खोडत आलो होतो, आणि एकाचीही खोडली गेली नव्हती.

शाळेतल्या पोरांच्या खोडरबराने तिने ती कड घासली. खाच ब्रशने झाडली. पट्टी बसवली. सूर तोच. दादिंग उठून खिडकीशी गेली. तीन वाजून गेले होते. क्रिसांताने पट्टी काढली, शेजारच्या खाचेत बसवली, हात मांडीवर ठेवले, थांबली, आणि बटण दाबलं. एकच आखूड सूर. पडद्यावर पांढरी अक्षरं धावली. मी, मला लाज नाही सांगायला, टाळ्या वाजवल्या.

तीन वाजून बावीस मिनिटांनी रोदोरा दिसली. चेहरा गोल, हसू मोठं, हात टेबलाखाली.

"नानाय! किती उशीर! मी मजेत आहे." आमच्याकडे आईला नानाय म्हणतात.

"हात दाखव," दादिंग म्हणाली.

"काय गं नानाय, आल्या आल्या! जेवलीस का? सर पण आहेत वाटतं, नमस्कार सर!"

"दोरा. हात."

तिने उजवा हात वर केला. चित्र तुटत तुटत येत होतं, चेहरा अडकायचा, भिंत अडकायची, आणि हात थरथरत होता.

"अगं, लाइन खराब आहे, नानाय," रोदोरा घाईने म्हणाली. "इथलं नेट असंच आहे. सगळंच हलतं बघ!"

खरंच सगळं हलत होतं. दादिंग वळली आणि तिने क्रिसांताकडे पाहिलं. त्या नजरेत एवढी आशा होती, की मी तिच्या जागी असतो तर लगेच हो म्हणालो असतो. लाइनच आहे मानांग, म्हणालो असतो, आणि घरी जाऊन झोपलो असतो.

क्रिसांता पुढे सरकून माइकशी वाकली. "दोरा, तुझ्याजवळ पाण्याचा पेला आहे?"

"आहे."

"समोर टेबलावर ठेव. आता हात त्याच्या शेजारी धर. टेकवू नकोस, बोटं जरा वर." मग ती दादिंगला म्हणाली, "लाइन हलवत असेल तर दोन्ही हलतील, मानांग. पेलाही आणि हातही."

आम्ही तिघं पडद्याला नाक लावून बसलो. चित्र दोनदा तुटलं, मग जुळलं आणि स्वच्छ झालं. पेला उभा होता. त्यातलं पाणीसुद्धा सपाट होतं. शेजारी रोदोराची पाच बोटं एकटीच थरथरत होती.

पास्मा नावाचा रोग पुस्तकात नाही, हे मी तिथे सांगितलं नाही. ज्या गोष्टीने ते हात तसे झाले, तिला काय नाव द्यायचं ते द्या.

"काय गं इंदाय," दादिंगने क्रिसांताला विचारलं. लहान बहिणीला विचारावं तसं, अगदी हळू. "लाइन का?"

क्रिसांताचे डोळे भरले होते. तरी ती जे दिसलं तेच बोलली.

"लाइन ठीक आहे, मानांग."

दादिंगने मान हलवली. मग पडद्याकडे वळली. "घरी ये."

"नानाय, अजून आठ महिने..."

"मी विचारत नाहीये, दोरा."

रोदोराने तो हात दुसऱ्या हाताने दाबून धरला. आणि सोळा महिन्यांत पहिल्यांदा मजेत आहे असं न म्हणता म्हणाली, "हो नानाय. येते."