चढ चढायचा सोडला होता

“आजी, हे आजकालचं नाही. पंधरा-वीस वर्षं चाललेलं असणार,” जुन्नरचे डॉक्टर म्हणाले. मी मशीनमध्ये फुंकले होते, त्याचा कागद त्यांच्या हातात होता.

आजाराचं नाव सीओपीडी. म्हणजे श्वासाच्या नळ्या आखडतात आणि आत गेलेली हवा पुरती बाहेर येत नाही. दम्यात औषधानं नळ्या बऱ्याच मोकळ्या होतात, यात तितक्या होत नाहीत. “गेलं ते परत यायचं नाही. उरलंय ते सांभाळा,” म्हणाले. असं सरळ सांगणारा माणूस मला तीन वर्षांत पहिल्यांदा भेटला.

त्या तीन वर्षांचा राग अजून गेलेला नाही. खोकला वाढला की सलाइन लावायचे. थुंकी तपासायला डब्या दिल्या. टीबी निघाला नाही, तरी शेजारणींनी माझा कप वेगळा ठेवला तो ठेवलाच. नारायणगावच्या एका दवाखान्यात सकाळपासून दुपारपर्यंत बाकावर बसले. आत गेल्यावर पहिला प्रश्न, बिडी ओढता का? नाही. तंबाखू? नाही. मग वय झालं, म्हणाले.

चुलीचं कुणी विचारलं नाही. चौदाव्या वर्षी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी चुलीपुढे आहे. आमचं गाव जुन्नरच्या पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला. पावसाळ्याचे चार महिने लाकूड ओलं आणि दार बंद. फुंकणीनं फुंकत बसायचं आणि डोळे पुसायचे. जुन्नरच्या डॉक्टरांनी मशीनमध्ये फुंकायला सांगितलं तेव्हा मला हसू आलं. फुंकण्यात मला कोण हरवणार? नाकाला चिमटा लावला आणि जोरात फुंका म्हणाले. तीनदा फुंकले. तिन्ही वेळा अर्ध्यातच संपलं. या तपासणीला स्पायरोमेट्री म्हणतात. दुखत नाही. पण आपल्यात किती वारा उरलाय ते कागदावर दिसतं.

आता माझी चूक सांगते. हे लिहायला बसले ते त्यासाठीच.

आजार कळायच्या सात-आठ वर्षं आधी पुण्याहून संशोधनवाल्यांची जीप आली होती. दोन मुली फॉर्म घेऊन घरोघर फिरत होत्या. तब्येतीचं आपण जे सांगू ते त्या लिहून घेत. त्यांनी विचारलं, चढ चढताना दम लागतो का? मी नाही म्हणाले. ज्यांनी हो म्हटलं त्यांना जीपजवळ नेऊन मशीनमध्ये फुंकायला लावलं. मला लावलं नाही. फॉर्मवर तब्येत चांगली अशी खूण झाली. पुण्याच्या लोकांनी मला पास केलं म्हणून मी गावभर सांगत फिरले.

मी खोटं बोलले नव्हते. मला दम लागत नव्हता, कारण त्याआधीच्या दोन वर्षांत मी चढ चढलेच नव्हते. विहीर खाली आहे. पाणी माझी सून संगीता आणायची. वरच्या शेतात जाणं सोडलं, गुडघे दुखतात म्हटलं. डोंगरावरच्या देवाला जाणं सोडलं, घरी कुणीतरी पाहिजे म्हटलं. एकेक सुटत गेलं आणि मला कळलंही नाही. त्या दिवशी फुंकले असते तर तेव्हाच चुलीपासून लांब झाले असते. आज थोडा जास्त वारा उरला असता.

औषध सुरू होऊन दोन वर्षं झाली आणि जीप पुन्हा आली. मुलगी नवी होती, प्रश्न तेच. मी दारात बसले होते. संगीता चुलीपुढून उठून आली.

“चढताना दम लागतो का?”

“न्हाई,” संगीता म्हणाली.

मुलगी खूण करायला लागली. मी तिला हात धरून थांबवलं. “बाई, लिहू नका. चहा घ्या. ती पाणी घेऊन येईस्तवर बसा.”

“आत्या, आत्ता कशाला पाणी? हंडा भरलाय की,” संगीता म्हणाली.

“वत तो गोठ्यात. जा.”

ती गेली. मी मुलीला अंगणाच्या कडेला नेलं. तिथून विहिरीची सगळी वाट दिसते. संगीतानं हंडा डोक्यावर घेतला, निघाली आणि मधल्या दगडावर टेकवला. हंडा टेकवायचा तो दगड पूर्वीपासून आहे, पण माझ्या तरुणपणी तिथं म्हाताऱ्या थांबायच्या. ती पुन्हा निघाली आणि वळणावर पुन्हा थांबली. अंगणात आली तेव्हा तिला बोलता येईना.

“हे काय मग?” मुलगी म्हणाली.

“ह्याला काय दम म्हनत्यात? हंडा जड हाय,” संगीता म्हणाली. “समद्याच थांबत्यात.”

मी मुलीला म्हणाले, “दम लागतो का ते इचारू नका. काय करायचं सोडलं ते इचारा. पहिल्यांदा कुठं थांबायची आन् आता कुठं थांबती, ते इचारा.”

तिनं फॉर्मवर तेवढी जागा नव्हती म्हणून मागच्या कोऱ्या बाजूला लिहून घेतलं. संगीतानं मशीनमध्ये फुंकलं. कागदावर आकडा कमी आला, मुलगी म्हणाली डॉक्टरांना दाखवा.

परक्यांपुढं लाजवलं म्हणून ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. भाकरी पुढं आदळायची. पाचव्या दिवशी तिनं तोंड उघडलं, “आत्या, एस्टी किती वाजता हाय?” आम्ही दोघी जुन्नरला गेलो. डॉक्टरांनी तिला तोंडात ओढायच्या औषधाचा पंप दिला आणि चूल बाहेर न्यायला सांगितलं. माझ्या मुलानं पडवीत आडोसा करून चूल हलवली. कुरकुरला, पण हलवली.

मी बरी होणार नाही, ते मला माहीत आहे. संगीताचा कागद मी माझ्या कागदाबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवला आहे. तिचा आकडा माझ्यापेक्षा पुष्कळ चांगला आहे. तेवढा तरी वेळेवर कळला.