हलती फळी

आता मी घरापासून आणि उसाच्या फडापासून लांब राहते, तरी ती फळी अजून स्वप्नात येते आणि दचकून जाग येते.

सातवीतून शाळा सुटली, लग्न झालं आणि मी ऊसतोडीला निघाले. कोयत्याची भीती नव्हती. भीती होती ती डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायची. आष्टीकडच्या आमच्या घरी थोरल्या जाऊबाईंनी गोठ्याच्या भिंतीला फळी टेकवली आणि कडब्याच्या पेंढ्या डोक्यावर देऊन माझ्याकडून रोज सराव करून घेतला. "पायाकडं बघू नको, वर बघ," एवढंच सांगायच्या. मला वाटलं, जमलं.

तलवाड्याच्या शिवारात पहिला ट्रक लागला. मी निम्म्यावर पोचले आणि फळी खालीवर उडायला लागली. घरची फळी आखूड, ती कधी हललीच नव्हती. माझे पाय जागीच थिजले.

"नवरीबाई, वरात अडली का?" ट्रकवरचा गडी ओरडला. सगळे हसले. मला मात्र माझी मोडलेली मान दिसत होती.

"हसता कावून रे?" जाऊबाई स्वतःची मोळी टाकून धावत आल्या. फळीचं खालचं टोक त्यांनी दोन्ही पायांनी दाबून धरलं. "मी हाय खाली. फळी वर आली की पाऊल टाक."

तशीच चढले. खाली उतरल्यावर त्यांनी दुसरी मोळी डोक्यावर दिली. "आता मी न्हाई थांबायची. मला लई काम हाय."

मी पुन्हा चढले. वर पोचून वळून पाहिलं, तर जाऊबाई फळीच्या टोकावरच उभ्या होत्या.