बेवफा म्हणून वाजलेली मी

मी गाव सोडलं त्या सकाळी फाट्यावर एसटीची वाट बघत उभी होते. तेवढ्यात समोरून ट्रॅक्टर आला आणि त्यावरच्या साउंडवर तसलं गाणं लागलं: तिनं दगा दिला, आता बाटलीच माझी सोबतीण. ट्रॅक्टरवरची पोरं मी सोडलेल्या राजूची दोस्तमंडळी होती आणि गाणं माझ्यासाठी होतं. आई कानाशी पुटपुटली, "मान खाली घाल. लोकायला बोलायला निमित्त देऊ नको." मी मान खाली घातली आणि बसमध्ये चढले.

मी सोडलं म्हणून राजू प्यायला लागला, असं सगळं गाव मानतं. गावात राहिलेल्या आणि माझ्यासारख्या निघून आलेल्या पोरींनो, खरं ऐका: तो आधीपासून प्यायचा. मी त्याला म्हटलं होतं, दारू सोड, घरच्यांशी भांडून तुझ्याशी लग्न करते. त्यानं दारू सोडली नाही, म्हणून मी त्याला सोडलं. पण गाणं नेहमी बाटलीवाल्याच्याच बाजूनं असतं. 'पोरीच्या पायी पोरगं वाया गेलं' म्हणत गावानं त्याला डोक्यावर घेतलं आणि माझ्या आईला हळदीकुंकवाला बोलवायचं बंद केलं.

माझंही काळीज तुटलं होतं. शहरात बजाजनगरच्या भाड्याच्या खोलीत उशीत तोंड खुपसून मी रडायचे आणि सकाळी सुजल्या डोळ्यांनी कंपनीत फर्स्ट शिफ्टला हजर व्हायचे. आमच्या दुःखाला सुट्टीही नाही आणि गाणंही नाही. एकदा क्रांती चौकाकडं जाताना रिक्षात तसलंच गाणं लागलं. "भैया, गाना बदलो," म्हटलं, तर म्हणतो, "क्या दीदी, दिल टूटा क्या?" मी म्हटलं, "टूटा था. जुड गया. अब बदलो." त्यानं हसत हसत बदललं.

गेल्या उन्हाळ्यात चुलतभावाच्या हळदीला गावी गेले. नाच रंगात आला आणि त्याच पोरांनी डीजेला सांगून ते फाट्यावरचं गाणं लावलं. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं वळल्या. राजू मांडवाच्या कडेला झोकांड्या खात उभा होता. मी ओढणी कमरेला खोचली, मधोमध गेले आणि त्याच गाण्यावर नाचायला लागले. एकटीच.

डीजेवाला गोंधळून आवाज कमी करायला लागला. तशी मागून आई ओरडली, "अय पोरा, कमी कामून करतो? वाढीव आवाज! माझ्या पोरीचं गाणं हाय." आणि हळदीनं पिवळे झालेले हात वर करून ती माझ्यासमोर नाचायला आली.

गाव अजून राजूच्याच बाजूचं आहे. असू दे. शिफ्टमधल्या पोरी विचारतात, तुझं घर कुठलं, बजाजनगरचं की गावाकडचं? हळदीच्या दुसऱ्या दिवशी माझी बस सुटली तेव्हा आई फाट्यावर उभी होती आणि तिची मान वर होती. माझं घर तेवढंच, आणि ते मला पुरतं.