बोटीवरच्या मावशीचे अकरा तुकडे

एकतीस वर्षे टायपिस्टबाईंनी कोर्टात दुसऱ्यांचे बोलणे टाइप केले आणि त्यात पदरचा एक शब्दही घातला नाही. साक्षीदार बोलायचा, साहेब त्यातले कामाचे तेवढे सांगायचे, बाई तेवढेच उतरवायच्या. साक्षीदार रंगात येऊन भलतीकडे वळला की साहेब टेबलावर पेन्सिल आपटत म्हणत, "असंबद्ध. गाळा." बाई गाळायच्या. मग शेवटची ओळ, 'वरील मजकूर खरा आहे', आणि कागद मशीनमधून सर्रकन बाहेर.

अशा बाईंनी साठी उलटल्यावर, भर दुपारी, पाच जणींच्या तोंडावर धडधडीत थाप मारली. तीही एक नव्हे, अकरा!

त्याचे झाले असे. बेकरीच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली होती. खालच्या भट्टीमुळे तिची फरशी बाराही महिने कोमट असायची, म्हणून सगळ्या जणी दाराशी चपला काढून अनवाणी बसत. दर गुरुवारी साडेतीनला तिथे गोधडी शिवली जाई आणि तयार गोधडी इस्पितळातल्या मुलांच्या वॉर्डात जाई. हे सुरू केले होते सिस्टरांनी. त्या वॉर्डात त्यांनी सव्वीस वर्षे काढली होती. त्या निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांचा आवाज अजून ड्यूटीवरच होता.

सिस्टरांचा नियम एकच. प्रत्येकीने घरातले जुने कापड आणायचे आणि त्याची हकिकत सांगितल्याशिवाय सुईत दोरा ओवायचा नाही. हकिकती वहीत उतरायच्या आणि वही गोधडीबरोबर वॉर्डात जायची. कारण अंथरुणाला खिळलेली मुले तुकड्यावर बोट ठेवून हमखास विचारतात, "हा कुणाचा?"

त्या वहीचे अक्षर कुणाला लागेना, म्हणून बेकरीच्या मालकीणबाईंनी टायपिस्टबाईंना आणले. शेजारच्याच इमारतीत राहतात, घरी मशीन आहे, एकट्या असतात, वेळही असेल. पण सिस्टरांनी पहिल्याच दिवशी विचारले, "नुसतं टाइप करून चालायचं नाही हं. तुमचा तुकडा?"

बाईंनी घरी जाऊन कपाट उघडले. सहा झगे, राखाडी नाहीतर तपकिरी, सगळे वापरातले. लग्न नाही, मूल नाही, भावंड नाही. कुणाचा शर्ट मागे राहिलेला नाही, कुणाचे दुपटे जपून ठेवलेले नाही. खिडकीचे पडदेसुद्धा घरमालकाचे. शेवटी त्या कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे गेल्या आणि त्याच्या चिंध्यांच्या पोत्यातून एक तुकडा उचलून आणला. विटकरी लाल रंगाचा, त्यावर पांढरे ठिपके.

गुरुवारी त्यांची पाळी आली. 'शिंप्याकडून आणला' एवढेच सांगायचे, असे त्यांनी जिन्यात दोनदा घोकले होते. त्यांनी तोंड उघडले आणि आतून आले भलतेच.

"हा माझ्या मावशीच्या छत्रीचा."

"छत्री सुती?" गणिताच्या बाईंनी विचारले. शाळेतून निवृत्त होऊन आठ वर्षे झाली तरी समोरचा चुकणार याची त्यांना खात्री असायची.

"उन्हाची छत्री. मावशी बोटीवर स्वयंपाकीण होती ना. डेकवर ऊन फार."

"बोटीवर? बाईमाणूस?" मालकीणबाईंची सुई हवेतच राहिली.

"ठेवून घेत नव्हतेच. तिने सरळ कप्तानाच्या हातात चमचा दिला. म्हणाली, आधी चाखा, मग नाही म्हणा!"

हशा उसळला. "मग? चाखलं का?" "कप्तान तरुण होता का हो?" "अहो, पुढे?" पाच तोंडे एकदम वळली होती आणि टायपिस्टबाईंच्या छातीत असे धडधडत होते की जणू मशीनच आत बसवले आहे. घरी जाताना त्या जवळजवळ धावत गेल्या. मशीनवरचे कव्हर काढून त्यांनी छत्रीची हकिकत टाइप केली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची बोटे कुणी सांगायची वाट बघत नव्हती.

मग काय विचारता! पुढच्या गुरुवारी हिरवा तुकडा आला आणि त्याबरोबर कप्तानाच्या आवाजात हुकूम सोडणारा पोपट. त्या पोपटाने एकदा अख्खी बोट उलटी वळवली होती. त्याच्या पुढच्या गुरुवारी पिवळा, मग जांभळा पट्ट्यापट्ट्यांचा. साडेतीनची वेळ असताना बायका तीनला येऊन बसू लागल्या. बेकरीतले कामगार जिन्यावर उभे राहून ऐकू लागले आणि एका गुरुवारी पावाचा सबंध घाणा करपला. चौथ्या गुरुवारपासून अहो-जाहो गळून अगं-तुगं सुरू झाले. गणितबाई मात्र जिथे तिथे अडवायच्या. "थांब, थांब. बोट मंगळवारी निघाली म्हणालीस, मग नऊ दिवसांनी रविवार कसा?" तेव्हापासून टायपिस्टबाईंनी मावशीच्या सफरींचा वेगळा तक्ताच ठेवला.

मावशीचे वारे इतरांनाही लागले. मालकीणबाई इतके दिवस 'हा नवऱ्याचा एप्रन' म्हणून गप्प बसायच्या. आता त्याच एप्रनमध्ये बांधून पळवून नेलेल्या मांजरीची गोष्ट त्यांनी अर्धा तास सांगितली.

सातव्या गुरुवारी सिस्टरांनी पिशवीतून एक निळा फ्रॉक काढला. लहानसा, पुढे एक खिसा असलेला.

"माझ्या मुलीचा," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षं पेटीत होता. ती सहा वर्षांची होऊन गेली. आपल्याच वॉर्डात."

कुणाला हे ठाऊक नव्हते. सिस्टरांनी हकिकत अशी सांगितलीच नाही. फ्रॉकचा चौकोन कापला, खिशासकट, आणि टायपिस्टबाईंना म्हणाल्या, "तुझ्या मावशीच्या शेजारी लावू का? तिला समुद्र बघायचा होता. राहून गेलं."

तेव्हाच खरे सांगून टाकायला हवे होते. पण बाईंनी मान डोलावली आणि विटकरी चौकोनाशेजारी निळा चौकोन बसला. आता मागे फिरायचे कसे? नववा तुकडा आला, दहावा आला. अकराव्याला मावशीची बोट बर्फात रुतली. कुऱ्हाडी बोथट झाल्या, कोळसा संपत आला, आणि बाई म्हणाल्या, "आता पुढचं पुढच्या गुरुवारी."

"दुष्ट आहेस!" मालकीणबाई ओरडल्या.

गणितबाई मात्र बोटांवर काहीतरी मोजत होत्या. "मावशी बोटीवर चढली तेव्हा ती एकोणीसची, तू चारची. आज तू त्रेसष्ट. म्हणजे मावशी अठ्ठ्याहत्तर. अगं, म्हणजे आहेत की काय त्या?"

मावशीला तिथल्या तिथे मारून टाकता आले असते. पण जीभ वळेना. "आहे," टायपिस्टबाई म्हणाल्या.

झाले! खोलीत एकच कल्ला. गोधडीचा एक कोपरा नेहमी शेवटपर्यंत मोकळा ठेवत, आणि हकिकतींतले जे सर्वांत वडीलधारे माणूस हयात असेल, त्याच्या हातून तिथला शेवटचा टाका घालून घेत. "मावशीच घालणार! दुसरं कोण?" "आमची पावाची गाडी पाठवते, आरामात बसवून आणू!" "पुढच्या गुरुवारी. नक्की. मी खुर्चीला उशी शिवते," सिस्टर म्हणाल्या. त्यांना एवढे खुश कुणी कधी पाहिले नव्हते.

त्या आठवड्यात टायपिस्टबाईंनी मावशीला मारायचा तीनदा प्रयत्न केला. एकदा तापाने, एकदा जिन्यावरून पाडून, एकदा झोपेतच. तिन्ही कागद त्यांनी फाडले. मावशी मरायला तयारच नव्हती, आणि ती गेली तर तो निळा फ्रॉक त्या बर्फात एकटा पडणार होता. खरे सांगितले तर गुरुवार जाणार. आणि गुरुवार गेला तर उरलेल्या सहा वारांचे करायचे काय, हे बाईंना चांगलेच ठाऊक होते. तेच तर त्या इतकी वर्षे करत आल्या होत्या. तरी बुधवारी त्यांनी सांगायचे ठरवले. मशीनवरचे राखाडी कव्हर काढून घडी घातली आणि पिशवीत टाकले.

गुरुवारी टेबलाच्या टोकाला खुर्ची मांडलेली होती. उशी नवीकोरी. जिन्यावर कामगारांची दाटी. टायपिस्टबाई बसल्या नाहीत.

"मावशी येणार नाही."

"बरं नाही का त्यांना?" सिस्टर उठल्याच. "मी येते बघायला. कुठं राहतात?"

"मावशी नाहीच. कधीच नव्हती. अकराही तुकडे कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या पोत्यातले आहेत."

मग मालकीणबाईंनी केविलवाण्या आवाजात विचारले, "पोपटसुद्धा नाही?"

"नाही."

सिस्टरांनी कात्री उचलली. "तुम्ही," त्या म्हणाल्या, आणि अगं-तुगं संपले, हे बाईंना कळले. "तुम्ही माझ्या मुलीचा फ्रॉक पोत्यातल्या चिंधीला जोडू दिलात." त्यांनी गोधडी उलटी केली आणि कात्रीचे टोक निळ्या चौकोनाच्या दोऱ्याखाली घातले.

"अगं, चारी बाजूंनी टाके आहेत, शेजारचे पण सुटतील," गणितबाई पुटपुटल्या.

"मला मोजून दाखवू नकोस!"

टायपिस्टबाईंनी राखाडी कव्हर टेबलावर ठेवले. "हा एक तुकडा माझा आहे. मशीनचं कव्हर. याची हकिकत सांगून जाते." आणि त्या सांगू लागल्या. "कोर्टात एक म्हातारी आली होती साक्षीला. गाडी भिंतीला धडकली ती किती वाजता, एवढंच तिला विचारलं होतं. ती सांगायला लागली की त्याच वेळेला तिची बहीण लाल छत्री घेऊन बोटीवर कामाला निघाली होती. साहेब म्हणाले, गाळा. मी गाळलं. एका पहारेकऱ्याने चोरीच्या साक्षीत आपल्या पोपटाचं सांगितलं. गाळलं. बर्फात अडकलेला एक खलाशी होता, त्याचंही गाळलं. एकतीस वर्षं! संध्याकाळी हे कव्हर घालताना रोज वाटायचं, त्या माणसांचं ते बाकीचं गेलं कुठे? ते माझ्यातच साठत होतं, सिस्टर. त्या दिवशी तोंड उघडलं आणि मावशी होऊन बाहेर पडलं. पण मी तिला माझी म्हणाले, ते खोटं. चुकलं माझं. फ्रॉक तुमचा आहे, काढून घ्या."

त्या दाराशी गेल्या. एक पाय चपलेत घातला.

"बोट बर्फात रुतलीय," मागून सिस्टर म्हणाल्या.

बाई वळल्या. कात्री होती तिथेच होती. दोरा अजून तुटला नव्हता.

"मागच्या गुरुवारपासून रुतलीय. आणि माझी पोरगी तिच्यावर आहे. तिला तशीच टाकून चाललात?"

एक पाय चपलेत, एक कोमट फरशीवर, अशा अवस्थेत टायपिस्टबाईंनी सुरुवात केली. "बर्फ पातळ कुठे आहे ते कळेना. मोठं माणूस उतरलं की तडे जायचे. सगळ्यांत हलकं कोण? निळ्या फ्रॉकातली मुलगी! मावशीने तिच्या हातात लाल छत्री दिली, म्हणजे लांबून दिसेल, आणि कमरेला दोर बांधला. मुलगी निघाली. इतके दिवस बोटीवर असून तिला समुद्र दिसलाच नव्हता, जिकडे तिकडे नुसतं पांढरं. चालता चालता ती थबकली. समोर हातभर फट. ती गुडघ्यावर बसली, वाकून बघितलं…"

"पाणी," सिस्टर म्हणाल्या.

"पाणी! असं ओरडली की पोपटाने तेच कप्तानाच्या आवाजात ओरडून सांगितलं, आणि सगळी बोट कामाला लागली!"

जिन्यावरून टाळ्या पडल्या. सिस्टरांचे मात्र लक्ष नव्हते. त्यांनी निळ्या चौकोनाच्या खिशात एक बोट घातले होते.

"तिच्या खिशात नेहमी एक बटण असायचं," त्या म्हणाल्या. "ते तिने टाकलं असणार त्या फटीत. किती खोल आहे ते बघायला. असलंच काहीतरी सुचायचं तिला. एकदा इंजेक्शनच्या वेळी डॉक्टरांनाच म्हणाली…" आणि सिस्टर बोलतच राहिल्या. बावीस वर्षांचे पेटीतले एकेक बाहेर येत होते. मालकीणबाई रडत होत्या, हसतही होत्या. कात्री टेबलावर कधी ठेवली गेली, ते कुणी पाहिले नाही.

शेवटी सिस्टरांनी स्वतःच राखाडी कव्हरातून चौकोन कापला आणि मोकळ्या कोपऱ्यावर ठेवला. तीन बाजू बाकीच्यांनी शिवल्या.

"शेवटचा टाका मावशीचा होता," गणितबाईंनी आठवण करून दिली. "ती नाही, तर आता वयाने सगळ्यांत मोठं कोण ते मोजावं लागेल."

"काही मोजायचं नाही. मावशी नाही तर तिची भाची घालेल." सिस्टरांनी उशीवाली खुर्ची पुढे ओढली आणि सुई टायपिस्टबाईंच्या पुढे धरली. "बस. आणि ती एका पायातली चप्पल काढ."

टायपिस्टबाई बसल्या. दोरा ओवायला त्यांना चार प्रयत्न लागले.

"वहीत काय लिहू?" त्यांनी विचारले.

"सगळं लिही," सिस्टर म्हणाल्या. "काही गाळू नकोस."

"मग बटणाचा रंग सांग."

"पिवळा. नाही, थांब, लिंबाच्या सालीसारखा. एका बाजूला टवका उडालेला…"

तेवढ्यात खालून करपल्याचा वास आला आणि कामगार धडाधड जिना उतरले.