पन्हळी मोजायला गेले तेव्हा

"पाणी तिच्या दारात साचतं, तर गटाराचे पैसे तिनं द्यावेत," घेवरचंदशेठ म्हणाले आणि त्यांच्याच ओट्यावर बसलेल्या सगळ्या गल्लीनं माना डोलावल्या.

'ती' म्हणजे सखूअक्का. धुळ्यातल्या त्या गल्लीच्या पार खालच्या टोकाला तिची पिठाची गिरणी होती. आदल्या पावसाळ्यात गल्लीचं पाणी गिरणीत शिरून मोटर जळाली. यंदा पुन्हा तसं झालं, तर गिरणी विकून सोनगीरला भावाकडे जायचं तिनं ठरवलं होतं.

"पानी बठ्ठासनं, नी पैसा मीच देऊ का?" अक्का उभी राहिली. बठ्ठासनं म्हणजे सगळ्यांचं.

"पानी उतारवरच जास," वेडूनाना म्हणाले. शेठजींच्या शेजारचं, गल्लीच्या वरच्या तोंडाचं मोठं घर त्यांचं. "तुले तठे गिरणी टाकाले कोणी सांगेल व्हतं?"

प्रश्न पावसाळी गटाराचा होता. हे गटार सांडपाण्याचं नसतं, फक्त पावसाचं पाणी वाहून न्यायचं. निम्मा खर्च आमचं नगरपालिकेचं ऑफिस देणार होतं, निम्मा गल्लीनं द्यायचा होता. मी तिथं ओव्हरसियर. डिप्लोमा ताजा, साडी कडक इस्त्रीची, खांद्याला पिशवी आणि पिशवीत गरज नसलेली मोजपट्टी. बाई ओव्हरसियर बघायलाच निम्मी गल्ली मीटिंगला आली होती. मला वाटलं, माझं ऐकायला आली आहे.

मी घसा खाकरून म्हणाले, "ज्याचं पाणी, त्याचा खर्च."

तिकडची घरं धाब्याची. म्हणजे वर कौलं नाहीत, लाकडावर माती चोपून केलेलं सपाट छत. त्यावरचं पाणी बाहेर टाकायला कडेला पन्हळी असतात. गल्लीत जेवढ्या पन्हळी उघडतात तेवढे वाटे करायचे आणि ज्याच्या जितक्या पन्हळी तितके त्याचे वाटे, असा माझा फॉर्म्युला.

"आखाजी झाली की मोजायला येते," मी जाहीर केलं. आखाजी म्हणजे खानदेशातली अक्षय्य तृतीया.

सगळे लगेच 'हो' म्हणाले. नानाही, शेठजीही. एवढं एकमत झालं की इंजिनिअरनं घाबरावं, हे आम्हाला कॉलेजात शिकवलं नव्हतं. मी तर ऑफिसात येऊन चहा मागवला.

आता खानदेशातल्या कुठल्याही पोराला ठाऊक असलेली गोष्ट मला सुचली नाही. आखाजीनंतर पावसाच्या तोंडावर लोक धाब्यावर नवी खारी माती टाकतात, तेव्हाच छताचा उतार हवा तिकडे फिरवता येतो. मी स्वतः पाचोऱ्याच्या धाब्याच्या घरात वाढलेली. पण डिप्लोमा झाल्यावर माणूस छताकडे बघत नाही, नकाशाकडे बघतो.

आखाजी झाली. मी गेले. वर बघते तो पन्हळी गायब! जिथं तिथं ओल्या मातीचे लिंपलेले गोळे.

"नाना, तुमच्या तीन होत्या ना?"

"व्हत्यात. आते मांगे शेतस," नानांनी हसत मागच्या बोळीकडे बोट दाखवलं.

शेठजींच्याही मागे. सगळ्यांच्याच मागे. अक्काला माती टाकायला गडीच मिळाला नव्हता.

"लिखी ले पोरी, मनी एकच शे," ती म्हणाली.

मी लिहून घेतलं. साहेबांनी कागद वाचला आणि चष्मा काढला.

"बाई, या हिशोबानं गल्लीचा सगळा वाटा एकट्या गिरणीवालीवर आला."

"फॉर्म्युल्याप्रमाणे तसंच येतं, सर."

"छान. पावसानं बुडायच्या आधी तुम्हीच तिला बुडवलंत. बरं, मागे वळवलेलं पाणी जाणार कुठं?"

तेच बघायचं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी डम्पी लेव्हल घेऊन बोळीत गेले. डम्पी लेव्हल म्हणजे तिवईवरची दुर्बीण, जमिनीचा चढ-उतार तीतून कळतो. गल्ली उतरत होती गिरणीकडे. बोळी मात्र उलटी, वेडूनानांच्या आणि शेठजींच्या मागच्या दारांकडे! आणि पुढे भिंत.

मी दोघांनाही सांगितलं.

"बाईसाहेब," शेठजी म्हणाले, "तुमच्या दुर्बिणीतून पाऊस दिसतो का?"

मी रागानं लाल झाले. तिवई उचलताना पदर तिच्यात अडकला तो वेगळाच.

पुढे पावसाळ्यात एका दुपारी धो धो कोसळला. मी छत्री घेऊन धावत गिरणीकडे गेले. गिरणी कोरडी! अक्का ज्वारी दळत होती.

"आठे काय बघस? तठे जाय," तिनं वरच्या अंगाला मान हलवली.

तिथं शेठजी धोतर वर खोचून गुळाच्या भेल्या माळ्यावर चढवत होते. नानांच्या चुलीत पाणी होतं आणि नानांची बायको नानांना जे सुनावत होती ते छापता येणार नाही.

पाणी ओसरलं तशी शेठजींच्या त्याच ओट्यावर मीटिंग. या वेळी फॉर्म्युला मी काढला नाही. नानांनीच काढला.

"बाई, मन्या तीन लिखी ल्या. उद्याच पुढे फिरावस."

"माझ्या दोन," शेठजी म्हणाले. मग अक्काकडे वळले. "अक्का, तुझं काय?"

अक्का निवांत बसली होती. "मनाकडे तं आते पानीच येत नही. मी कसाले देऊ?"

 शेठजींना मागच्या मीटिंगमधलं स्वतःचं बोलणं आठवलं असावं, ते जमिनीकडे बघू लागले. अक्कानं त्यांना पुरेसं बघू दिलं, मग म्हणाली, "मनी एक पयलेच लिखेल शे. ऱ्हाऊ द्या."

सगळ्यांच्या पन्हळी पुढे आल्या, त्यांच्याखालून गटार झालं. गिरणी पुढे कितीतरी वर्षं चालली. माझं पीठही तिथूनच यायचं.

नोकरीभर मी मग एक नियम पाळला: ज्यावर पैसे लावायचे, ते मोजायला येणार असं आधी सांगायचं नाही. पाण्याला उतार कळतो. माणसालाही कळतो, पण तो आधी शेजाऱ्याच्या बाजूनं काढून बघतो.

परवा नातीनं विचारलं, "आजी, आपल्या गच्चीचं पाणी कुठं जातं गं?"

मागे जातं. शेजारी अजून काही बोललेले नाहीत.