खोडरबर आणि खिडकी

खोडरबराचा वास आला की मालवणच्या घरातला आमचा पहिला कॉम्प्युटर आठवतो. निळ्या पडद्यावर तीच एरर पुन्हा पुन्हा यायची आणि मी चिडून रीस्टार्ट करत बसायचो. कुडाळच्या मेकॅनिकने आतली मेमरीची पट्टी काढून खोडरबराने घासली नि बजावलं, "खारो वारो लागता, ही खिडकी बंद ठेवा." दुसऱ्याच दुपारी एरर परत हजर, कारण खिडकी सताड उघडी. "आये, ती खिडकी लाव गो!" मी ओरडलो. समुद्रावरची नजर न काढता ती म्हणाली, "होडी येवंदे, मगे लावतंय." तेव्हा कुठे लक्षात आलं, मासेमारीहून सकाळीच परतायचे ते बाबा अजून आले नव्हते. संध्याकाळी होडी दिसली, तेव्हाच तिने खिडकी लावली. आता माझ्या एसी खोलीत लॅपटॉप कधीच अडत नाही. लेकीला यायला उशीर झाला की मात्र मी उठून खिडकी उघडतो.