शिंपिणीच्या टेबलावरचं ऊन

तिला सगळे उजेडवहिनी म्हणायचे. नाटक कंपनीत शिडीवर चढून तापलेले दिवे फिरवता फिरवता ती सेट उभारणाऱ्या सुताराच्या प्रेमात पडली, आणि लग्न झालं तेव्हा सासूही रंगमंचावरचीच मिळाली. सासूबाई त्या कंपनीच्या मुख्य नटी. लग्नाआधी भर तालमीत त्या ओरडायच्या, "ए लाइट, झोपलीस का गं?" लग्नानंतर त्यातला 'ए' तेवढा गेला.

पुढे नाटकं कमी झाली. नवरा-बायकोनं टायरचं जुनं गोदाम घेऊन त्यात छोटासा स्टुडिओ थाटला. छत इतकं बुटकं, की उंच माणसानं आत येताना मान आपोआप खाली घालावी. तरी जाहिराती, मुलाखती यांवर बरं चाललं होतं. सासूबाईंनी मात्र काम सोडलं होतं. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर त्यांना समोरचा दिवा सोसेना. उजेड आला की घळाघळा पाणी. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "बास झालं की! किती वर्षं तोंड रंगवायचं माणसानं?" पण भांडी लावताना जुन्या नाटकांतली स्वगतं पुटपुटत असायच्या, आणि सुनेचे कान काही बंद नव्हते.

अशात एक दिग्दर्शिका लघुपटासाठी स्टुडिओ बघायला आली. गोष्ट एका म्हाताऱ्या शिंपिणीची. गेलेल्या नवऱ्याचा शर्ट कुणाला तरी देऊन टाकायचा आहे, आणि त्याआधी ती त्याचं तुटलेलं बटण लावते. भर दुपार, खिडकीतलं ऊन, संवाद एकही नाही.

"नुसती बसली तरी बघत राहावंसं वाटेल, अशी बाई हवीय मला," दिग्दर्शिका म्हणाली.

"ती आमच्या घरात आहे," उजेडवहिनी पटकन बोलून गेली.

घरी सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "वेड लागलंय का तुला? कॅमेऱ्यासमोर डोळे पुसत बसू?"

"दिवा तुमच्या डोळ्यांत जाणार नाही. ते माझ्याकडे लागलं."

"आणि गेला तर?"

"तर सगळ्यांसमोर मला झाडा. दोघींनाही सवय आहे."

सासूबाईंना हसू आवरेना, आणि होकार मिळाला.

नवऱ्यानं खोली उभी केली: तीन भिंती, गजांची एक खिडकी, खिडकीशी टेबल. सासूबाईंच्या खुर्चीत त्यालाच बसवून उजेडवहिनी कामाला लागली. आधी तिनं दिवा छतावर मारून पाहिला. बुटक्या छतावरून उजेड सगळीकडे सारखा सांडला आणि शिंपिणीच्या घराचा दवाखाना झाला. मग दिवा खिडकीबाहेर ठेवला. पण खिडकी आणि स्टुडिओची भिंत यांच्यात जेमतेम एक माणूस मावेल एवढा बोळ. खिडकीची चौकट पांढरीफटक पेटली, टेबल अंधारात.

"हे ऊन नाही, कुणीतरी टॉर्च घेऊन चोर शोधतंय," नवरा खुर्चीतून म्हणाला.

"तू आईंच्या जागी बसलायस. गप्प बसायचं."

"आई कधी गप्प बसलीय?"

ती मात्र विचारात पडली होती. ऊन लांबून येतं, म्हणून त्याची सावली रेखीव पडते. इथे लांबी आणायची कुठून? बघता बघता तिची नजर मेकअपच्या खोलीतल्या मोठ्या आरशावर गेली. दोघांनी तो उचलून खिडकीबाहेरच्या बोळात तिरपा उभा केला. दिवा नेला बोळाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथून झोत आरशावर आला, आरशातून वळून खिडकीत शिरला, आणि गजांच्या सावल्या टेबलावर कापल्यासारख्या स्वच्छ पडल्या.

नवऱ्यानं टेबलावर हात ठेवला. "दुपार झाली की गं!"

आता राहिला चेहरा. समोर दिवा लावायचा नाही, हे तर ठरलेलंच. उन्हात पांढरं काही ठेवलं तर त्याचा मऊ उजेड चेहऱ्यावर येईल, म्हणून तिनं शर्ट पांढरा घ्यायला सुचवलं. तयारी बघायला आलेल्या दिग्दर्शिकेनं नकारार्थी मान हलवली. "कामगाराचा शर्ट आहे तो. निळाच हवा." मग तीच म्हणाली, "पण शर्ट मळू नये म्हणून शिंपीण खाली पांढरं कापड अंथरेल, नाही का?"

"अंथरेल काय, अंथरलंच!" उजेडवहिनीनं तिथल्या तिथे चादर फाडली. चेहऱ्याची दुसरी बाजू सावलीत राहावी म्हणून तिकडे काळा पडदा लावला, छतालाही काळं कापड ठोकलं.

चित्रीकरणाच्या दिवशी सासूबाई काळा चष्मा लावून आल्या, खुर्चीत बसल्या, आणि चष्मा हळूच काढला.

"दिवा कधी लावणार?"

"लावलाय."

त्यांनी उन्हात तळहात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. डोळे कोरडे होते. "चला," त्या म्हणाल्या.

कॅमेरा सुरू झाला. त्यांनी सुईत दोरा ओवायला घेतला. चुकला. पुन्हा चुकला. हे काही ठरलेलं नव्हतं. त्यांनी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि खिडकीकडे वाकल्या. आणखी जरा पुढे, की झोत थेट डोळ्यांत. पण उजेडाची कड कुठे संपते हे रंगमंचावर मुरलेल्या त्या बाईला गालावरच्या उबेवरूनच कळायचं. सुई उन्हात गेली, चेहरा कडेच्या अलीकडे थांबला. दोरा गेला. बटण लागलं. मग त्यांनी शर्टाची कॉलर दोन्ही हातांनी नीट केली, आत कुणाची तरी मान असावी तशी.

'कट' म्हणायला दिग्दर्शिकेला वेळ लागला. सेटमागे त्यांचा सुतार मुलगा खिशात रुमाल शोधत होता.

"पुन्हा घ्यायचं असेल तर घ्या," सासूबाई ऐटीत म्हणाल्या. "मी काही दमले नाही."

लघुपट लोकांना आवडला आणि सासूबाईंकडे दोन भूमिका चालून आल्या. एक त्यांनी घेतली, दिव्यांजवळ सून असेल या अटीवर. दुसरी नाकारली, त्यात म्हणे पलंगावर पडून नुसतं खोकायचं होतं.